पाहणाऱ्यांचे फोटो काढणारे डोमाभाऊ

डोमाभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नागपुरातल्या इतवारीत, रामनवमीच्या शोभायात्रेत. रथ येत होता. दुकानांच्या ओट्यांवर, गच्च्यांवर, बैलगाड्यांच्या जुवांवर माणसं चढलेली आणि सगळ्यांची तोंडं रथाकडे. एक किडकिडीत माणूस मात्र रथाकडे पाठ करून उभा होता. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा, गळ्यात चौकोनी कॅमेरा. कमरेपाशी धरून वरून डोकावून पाहायचा, तसला. पायांत काही नव्हतं. ऊन कललं होतं, तरी चैत्रातलं डांबर ते, चांगलंच भाजत असणार. हा माणूस मात्र देवळाच्या फरशीवर उभा असावा तसा शांत होता.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते आमच्याच दैनिकाचे फोटोग्राफर, डोमाजी हेडाऊ. मला उपसंपादक म्हणून लागून पंधरा दिवस झाले होते. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. कचेरीत बाई मी एकटीच. सण-उत्सव, बायकांचं पान, पंचांग असं सगळं माझ्या टेबलावर येऊन पडायचं. मी त्यांना म्हटलं, "काल तुम्हाला पाहिलं. देवासाठी अनवाणी उभे होता, बरं वाटलं."

"देवासाठी नाई, ताई," ते म्हणाले. "चप्पल वाजते. वाजली का माणूस आपल्याकडे पाहते. अन् एकदा का त्यानं आपल्याकडे पाहलं, का तो फोटो गेला."

त्या दिवशी त्यांनी संपादकांपुढे बारा प्रिंट मांडले. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत. त्यात रथाच्या दोराला खांदा लावलेला एक हमाल होता, डोक्यावरचा पदर दातांत धरून हात जोडणारी भाजीवाली होती, पानाचा विडा गालात तसाच ठेवून पाहत राहिलेला सराफ होता. राम एकाही फोटोत नव्हता.

"हेडाऊ, अहो रामनवमीच्या अंकात राम नको का?" संपादक वैतागून म्हणाले.

"राम मागच्या सालचाच हाये, साहेब. मागचा ब्लॉक पडला असन, तो लावून द्या. पाहणारे नवे हायेत."

संपादकांनी खरोखरच मागच्या वर्षीच्या रथाचा छपाईचा ब्लॉक शोधायला माणूस पाठवला. अंकात मागच्या वर्षीचा रथ आणि शेजारी या वर्षीची भाजीवाली असे दोन फोटो आले. वाचकांपैकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पण ती भाजीवाली मात्र सोमवारी कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसली आणि अंकाच्या दोन प्रती घेऊन गेली.

डोमाभाऊंचं घर कोष्ट्यांचं. वडील मागावर नऊवारी लुगडी विणत. डोमाभाऊ स्वतः सोळाव्या वर्षापर्यंत मागावर बसलेले. मग सुताचे दिवस वाईट आले. थोरले भाऊ गिरणीत लागले आणि हे सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत फोटो धुवायला. तिथे हात बसला आणि नंतर डोळा. पण बोलण्यातून माग काही गेला नाही. फोटो चांगला आला की म्हणत, "वीण बरी बसली." आणि प्रिंट माझ्या हातात देताना दर वेळी न चुकता म्हणत, "ताई, किनार राहू द्याजा. किनार सोडून लुगडं होत नाई."

त्याचं कारण असं की फोटो चौकोनी आणि आमचे रकाने उभे. प्रिंटच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने रेघा मारून मी तो कापायची, आणि त्या बेताने जस्ताचा ब्लॉक बनून यायचा. वर्तमानपत्रात हे रोजचंच. मी हसून "हो" म्हणायची आणि जागेप्रमाणे कापायची.

ते फार गोड स्वभावाचे होते असं नाही. मनासारखा उजेड नसला तर दिवसभर कोणाशी बोलत नसत. फोटोतल्या माणसांची नावं लिहून आणायला सांगितलं की विसरत, आणि पुन्हा सांगितलं की रुसत. लग्नात नवरा-नवरीला "इकडे पाहा, हसा" म्हणायचं नसे, म्हणून त्यांना लग्नाची कामं फारशी मिळत नसत. त्यांची बायको अंजनाबाई एकदा मला म्हणाली होती, "याईले देवानं डोये देले, पर तोंड द्यायचं राहून गेलं, वं माय."

पण सणावारी ते वेगळेच होत. नागपंचमीच्या आधी मोटार स्टँडवर महादेवाच्या यात्रेला निघालेली माणसं, तान्ह्या पोळ्यात लाकडी बैलाची दोरी सोडायला तयार नसलेलं पोर, पितृपक्षात शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठी कावळ्याची वाट पाहून शेवटी स्वतःच जांभई देणारा एक म्हातारा. मी विचारलं, "देवाचा फोटो तुम्ही काढतच नाही का?"

"देवाचा फोटो बाजारात भेटते, ताई. चौकटीसकट भेटते. देवाकडे पाहणाऱ्याचा कोठी भेटते?"

मी नोकरीला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी ती मारबत आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. बांबू-कागदाच्या अवाढव्य बायका त्या. लोक ओरडत असतात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत," आणि शेवटी त्या गावाबाहेर नेऊन जाळतात. पण पिवळीवर बायकांची श्रद्धा वेगळी. ती तांडापेठेतून निघाली की आजारी लेकरं तिच्या पायांना लावून आणतात. डोमाभाऊ त्या दिवशी सकाळपासून तिथेच होते. दुपारी प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून ते परत गेले, कारण दुसरा रोल काढायचा होता. मी नेमकी तेव्हा जागेवर नव्हते. त्यामुळे ते नेहमीचं वाक्य त्या दिवशी मला कोणी ऐकवलं नाही.

त्या प्रिंटांतला एक मी उचलला. डाव्या बाजूला, गर्दीत, एक तरुण बाई. दोन्ही हात वर केलेले, मान वर, तोंडभर हसू. इतकं मोकळं हसू मी डोमाभाऊंच्याही फोटोत पाहिलं नव्हतं. उजवीकडे वर मारबतीचा गाडा, त्यावर उभा असलेला एक कार्यकर्ता, आणि त्याच्या हातांत मारबतीच्या पायाशी धरलेलं एक लहान पोर. मला जागा होती दोन रकान्यांची. मी बाईच्या बाजूला दोन उभ्या रेघा मारल्या. गाडा, कार्यकर्ता आणि पोर रेघेबाहेर गेले. खाली मी ओळ लिहिली, 'मारबतीच्या मिरवणुकीत आनंदाला उधाण.'

अंक निघाल्यावर चार दिवसांनी उमरेडहून एक माणूस कचेरीत आला. तिशीचा असेल. हातात आमचा अंक, घडी घालून घालून मऊ झालेला. डोमाभाऊ आणि मी दोघंही तिथेच होतो. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"हे मायी बहीण, शेवंता. तांडापेठेत देली हाये. जावई वैशाखात कावीळ होऊन गेले. पोरगा दीड सालाचा हाये, त्याले ताप होता म्हणून सासूनंच तिले मारबतीच्या पायी पाठवलं. अन् पेपरात असा फोटो आला. सासू म्हणते, नवरा जाऊन चार महिने नाई झाले, अन् हे हात वर करून नाचून राहिली. लेकरू कोठी हाये या फोटोत? कोणाच्या हाती देलं होतं माया नातवाले? पोराले ठेवून घेतलं अन् हिले माहेरी धाडलं. चार दिवस झाले, जेवत नाई."

डोमाभाऊंनी अंक हातात घेतला. फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "तुमी बसा, भाऊ. पाणी प्या. मी आलोच." आणि डार्करूममध्ये गेले.

तासाभराने बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मोठा प्रिंट होता, अजून ओलसर. पूर्ण चौकोन. डाव्या बाजूला हात वर केलेली शेवंता आणि उजवीकडे, पिवळीच्या पायाशी, तिचं पोर. पोर हसत होतं. फोटोत आता दोघंही होते आणि कोण कशाला हसतंय हे सांगायची गरजच नव्हती. वर गेलेले ते हात नाचत नव्हते. लेकराला परत घ्यायला उचललेले होते.

"ताई, चला," ते म्हणाले. "बाईमाणूस संगं असलं तर बरं."

तांडापेठेत त्या घराच्या पुढच्या खोलीत माग होता. बंद पडलेला, त्यावर धुणं वाळत होतं. सासू, गिरजाबाई, भिंतीशी बसली होती. नातू तिच्या मांडीवर निजलेला. डोमाभाऊ तिच्यासमोर खालीच बसले आणि काही न बोलता त्यांनी फोटो तिच्यापुढे ठेवला.

म्हातारीने तो उजेडाकडे तिरका करून पाहिला. बराच वेळ पाहिला. बोटाने नातवाचं तोंड चाचपलं, मग शेवंताचे हात. शेवंताचा भाऊ दाराशी उभा होता. त्याच्याकडे न पाहताच ती म्हणाली, "उद्या घेऊन ये तिले."

मला वाटलं, संपलं. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात तिने आमचा अंक मागितला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"म्हंजे येथं लेकरू होतं."

"हो, माय."

"अन् तुमी ते कापलं."

डोमाभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरगा गेला माया. त्याच्या मागं हे एवढं राहिलं. अन् तुमी हे जितं लेकरू त्याच्या मायपासून कापलं. कसा धजला तुमचा हात?"

मी त्यांच्या मागे दीड हातावर बसले होते. माझ्या पर्समध्ये ती निळी पेन्सिलसुद्धा असेल. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलं होतं असंही मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर मी जमिनीकडे पाहत होते आणि ही वेळ टळावी एवढंच मला वाटत होतं.

"चुकलं, माय," डोमाभाऊ म्हणाले.

"फोटो ठेवून जा. अन् या गल्लीत पुन्हा पाय ठेवू नोका. मारबत असो का काही असो."

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

परतताना आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथे मी म्हटलं, "डोमाभाऊ, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? बुढीनं दोघायले हाकललं असतं. एकावर भागलं."

"मी उद्या जाऊन सांगते."

"आता नोका जाऊ. पोरगा गेला तिचा, ताई. रागाले जागा पायजे होती. सुनेवर जाऊन बसला होता, तो माह्यावर आला. मायं काय, मी दुसऱ्या गल्लीत फोटो काढीन." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पुढच्या खेपेले कापाचं असन तर मले आवाज द्याजा." एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी माझ्यापाशी कधी केला नाही, रागात नाही की थट्टेतही नाही.

पण त्या दिवसापासून त्यांनी एक रीत धरली. ज्याचा फोटो, त्याला आधी दाखवायचा. "ज्याचा चेहरा, त्याले पहिले," असं म्हणून प्रिंट पिशवीत घालून ते सायकलीवर गावभर माणसं शोधत फिरत. कधी माणूस दोन दिवसांनी सापडे, कधी सापडतच नसे. मग तो फोटो ते देत नसत. सणाचा फोटो सण उलटून गेल्यावर येऊ लागला. संपादकांनी वर्षभर सोसलं आणि मग फ्लॅश वापरणारा एक चटपटीत मुलगा नेमला. डोमाभाऊंनी तक्रार केली नाही. माझ्या रविवारच्या पुरवणीला ते फोटो देत राहिले, कारण पुरवणीला घाई नव्हती. त्यांच्या फोटोवर मी पुन्हा कधी रेघ मारली नाही. रकाना मोडून जागा करायची, पण फोटो पूर्ण छापायची. छापखान्याचा फोरमन मला नावं ठेवायचा.

पुढची अकरा-बारा वर्षं दर मारबतीला ते तांडापेठेत जात आणि त्या एका गल्लीच्या तोंडाशी आले की वळसा घालून पलीकडे निघत. बरोबरच्या कोणाला त्याचं कारण माहीत नव्हतं. मला होतं. मी दोनदा तरी त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले. पहिल्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर जखम उकरल्यासारखं होईल. पाचव्या वर्षी वाटलं, आता कोणाला आठवतंय. न सांगण्याचं कारण दर वर्षी नवं सापडे.

डोमाभाऊ गेले ते दम्याने. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. शेवटचे सहा महिने त्यांना कॅमेरा उचलवत नव्हता, तरी ते खुर्ची ओट्यावर टाकून रस्त्याकडे पाहत बसत. मी भेटायला गेले की म्हणत, "पाहून राहिलो, ताई. रोल नाई, म्हणून बारावर थांबावं लागत नाई."

तेराव्या दिवशी त्यांच्या घरी गर्दी होती, आणि ती नात्यागोत्यातली कमी होती. रिक्षावाले होते, फुलवाल्या होत्या, कोण्या देवळाचा पुजारी होता. बहुतेकांच्या घरी त्यांचा एक तरी फोटो असणार. जेवणं आटोपल्यावर मी आतल्या खोलीत अंजनाबाईपाशी बसले होते. तेव्हा एक बाई आली. चाळिशीकडे झुकलेली, साधं पातळ, बरोबर उंच होत चाललेला मुलगा. अंजनाबाईच्या गळ्याशी लागून ती रडली आणि मग माझ्या शेजारी बसली. मुलगा दाराबाहेरच थांबला. तिने नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. ते हसू नव्हतं चेहऱ्यावर, पण चेहरा तोच होता.

मी तिला सांगितलं. तिथेच, अंजनाबाईच्या देखत. फोटो मी कापला होता; खालची ओळ मी लिहिली होती; त्या दिवशी मी तुमच्या घरात बसून गप्प राहिले. सांगायला बारा वर्षं लागली आणि सांगून दोन मिनिटांत झालं.

शेवंताने ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "सासूबाई गेल्या त्याले दोन साल झाले. शेवटी शेवटी म्हणत, त्या फोटोवाल्याले बलाव, मी लय बोलली त्याले. मी येथं आली होती डोमाभाऊले बलवाले. म्हटलं, चला, बुढी माफ करून राहिली तुमाले. तर नाई आले. म्हणे, बोलणं खाल्लं ते खाल्लं. माफी मायी नाई, ते मी कशी घेऊ? ज्याची हाये त्याले घेऊन येतो."

दोन वर्षांपूर्वीची एक दुपार मला आठवली. डोमाभाऊ कचेरीत येऊन स्टुलावर बसले होते. म्हणाले होते, "ताई, तांडापेठेत येता का आज?" माझ्यासमोर दिवाळी अंकाची प्रुफं होती. मी वर न पाहता म्हटलं होतं, "आज नाही हो, पुढच्या आठवड्यात जाऊ." त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोडा वेळ बसून ते उठून गेले.

"तिसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या," शेवंता म्हणाली.

अंजनाबाई माझ्याकडे पाहत होती. तिलाही यातलं काही ठाऊक नसावं. मी म्हटलं, "शेवंताबाई, तुमच्या सासूबाईंकडे जायला हवं होतं मी. आता..."

"आता काय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. उगाच काही लपवायचं नाही असा तो आवाज होता. "सांगाचं होतं तवा तुमी. लेकरू घरी अन् मी उमरेडले; ते चार दिवस मी कसे काढले ते मले मालूम." मग म्हणाली, "पर लेकरू मायं होतं. सासूबाई नाई, तर मी हावो."

तिने दाराकडे मान वळवून मुलाला हाक मारली. तो आत आला. मिसरूड फुटायला लागलेलं, हातापायांनी लांब, बुजरा.

"हे ताई पेपरात हायेत," ती त्याला म्हणाली. "डोमामामाच्या कामातल्या. पाया पड."

तो वाकला. मी पाय मागे घेतले, तरी त्याने हात लावलाच. मी काहीतरी आशीर्वाद पुटपुटले असेन. मला आठवतो तो फक्त त्याचा वाकलेला पाठीचा कणा, सदऱ्यातून दिसणारा, आणि शेजारी बसलेली त्याची आई, आमच्या दोघांकडे पाहत असलेली.